कोण किती पाण्यात

महाबळेश्वरला पाहण्यासारखं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : पॉइंट. पॉइंट म्हणजे जिथं जमीन संपते आणि भेळवाला सुरू होतो ती जागा. अशा जागा तिथं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांवरून साधारण एकच गोष्ट दिसते. खाली दरी, पलीकडे डोंगर आणि मधे धुकं. तरीही माणसं एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर टॅक्सीनं जातात, कारण टॅक्सीवाल्याच्या पाटीवर तसा क्रम लिहिलेला असतो. एल्फिन्स्टन, लॉडविक, कारनॅक, फॉकलंड, बॅबिंग्टन अशी एकेक नावं. साहेब आले, कड्यावर उभे राहिले, दरीत पाहिलं आणि नाव ठेवून गेले. आमच्या बँकेत मी बावीस वर्षं एकाच काउंटरमागे बसतो आहे. त्या काउंटरला अजून कुणी माझं नाव दिलेलं नाही. नावं ठेवली आहेत ती मला.

हे पॉइंटपुराण एरवी मी सांगितलं नसतं. पण या खेपेला आमच्याबरोबर हिचे मामा होते.

मामा नौदलात होते, असं सांगितलं की ऐकणारा सावरून बसतो. त्याला एकाहत्तरची लढाई, कराची, आगीचे लोळ वगैरे ऐकायचं असतं. मामा म्हणतात, "मी मोजणीत होतो." ऐकणारा पुन्हा सैल बसतो. मोजणी म्हटलं की आपल्याला बांधावरची भांडणं आणि तलाठी आठवतो. समुद्राचा सातबारा कोण काढतं? हिच्या माहेरी मामांच्या खात्याबद्दल तीन मतं होती. एक म्हणजे ते पाण्याच्या टाक्यांचं खातं असावं. दुसरं, मामा समुद्राचे फोटो काढतात. तिसरं मत हिच्या आजीचं होतं, आणि ते असं की, 'पोराला धड काम दिलेलं नाही, पण पगार देतात, तेव्हा आपण बोलू नये.'

खरी गोष्ट अशी की मामांचं उभं आयुष्य 'दर्शक' नावाच्या जहाजावर आणि तिच्या लहान होड्यांत समुद्राची खोली मोजण्यात गेलं. या विद्येला हायड्रोग्राफी म्हणतात. जहाजं ज्या नकाशांवर विसंबून चालतात ते नकाशे या मोजणीतून होतात. रस्त्याच्या नकाशात रस्ता दाखवतात. समुद्राच्या नकाशात रस्ता नसतोच. नुसते आकडे असतात, हजारो. इथं इतकं पाणी, इथं इतकं, इथं खडक. माणसाला जे दिसत नाही तेवढंच त्यात काढलेलं असतं. महाबळेश्वरच्या बरोबर उलटा धंदा.

आमचा मुक्काम बँकेच्या हॉलिडे होममध्ये होता. हॉलिडे होम म्हणजे दोन खोल्या, एक गीझर आणि एक लाकडी जिना. त्या जिन्याची एक पायरी पाऊल टाकलं की 'कोण आहे?' असं विचारते. पण ते असो.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही मुंबई पॉइंटवर गेलो. तिथल्या वाटाड्यानं पश्चिमेच्या धुरकट लाल पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितलं, "त्यो बघा समुद्र." हिनं पाहिलं आणि 'अय्या' म्हटलं. मी पाहिलं, मला शासनाच्या घोषणेत दिसतं तितकंच दिसलं. मी म्हणालो, "काहीतरीच. इथून समुद्र कसा दिसेल?"

मामांनी खिशातून पेन्सिल काढली. "उंची साडेचार हजार फूट धरा. तिचं वर्गमूळ सदुसष्ट. त्याला एक पूर्णांक सतरा शतांशानं गुणा. अठ्ठ्याहत्तर सागरी मैल. म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरपर्यंत तुमचं क्षितिज. किनारा इथून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास. समुद्र दिसायलाच पाहिजे."

वाटाड्या खूश झाला. "मग! मी काय सांगतुया!"

"दिसायला पाहिजे म्हणालो," मामा म्हणाले, "दिसतोय म्हणालो नाही. आत्ता दिसतंय ते धुकं."

मामांशी गप्पा मारताना ही एक अडचण येते. दोन्ही पक्ष हरतात.

दुसऱ्या दिवशी बाजारात चणे घेताना मी सहज म्हणालो की ही पेठ माल्कम साहेबानं वसवली. मामांनी विचारलं, "कुठल्या माल्कमनं?" मी म्हटलं, एकच तर होता. तेव्हा कळलं की माल्कम घराण्यात सतरा भावंडं होती आणि त्यातले चौघे 'सर' झाले. आमच्या चाळीत एका घरात दोन भाऊ मॅट्रिक झाले तर पेढे वाटत. इथला सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. त्यानं सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ मध्ये तह करून हा डोंगर घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं आणि इथं माल्कम पेठ उभी राहिली. त्याच सुमारास त्याचा धाकटा भाऊ सर चार्ल्स माल्कम मुंबईत कंपनीच्या नाविक दलाचा प्रमुख होता. थोरला गव्हर्नर, धाकटा त्याच गावात दुसरा साहेब. त्या वेळच्या कारकुनांनी मधल्या सुट्टीत काय काय म्हटलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

पण धाकट्यानं काम केलं. थोरला डोंगरावर हवा खायची सोय करत होता, तेव्हा यानं दोन जहाजं तांबड्या समुद्रात मोजणीला धाडली. विलायतेचं टपाल तोपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने घेत असे. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि जवळची वाट दिसू लागली. वाट म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना पोवळ्याचे खडक, पाण्याखाली हातभर, आणि नकाशा जवळपास नाही. 'पॅलिनुरस' आणि 'बेनारस' ही जहाजं १८२९ पासून १८३४ पर्यंत ते खडक मोजत राहिली. रॉबर्ट मोर्सबी हा त्यातला कप्तान. तिथून सुटला तो लक्षद्वीप आणि मालदीवला गेला. तिथले खडक तर हजारोंनी, आणि ताप असा की जहाजंच्या जहाजं अंथरुणाला खिळायची. मोर्सबीचे मालदीवचे नकाशे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे उपग्रहांची चित्रं येईपर्यंत, खलाशी वापरत होते. दीडशे वर्षं. आमच्या बँकेत चार वर्षांपूर्वीचा फॉर्म चालत नाही.

थोरल्याच्या नावाची पेठ आहे. धाकट्याच्या नावानं इथं एक भेळेची गाडीसुद्धा नाही.

मामांना आपल्या खात्याचा इतिहास पाठ आहे, जसे आम्हाला महागाई भत्त्याचे हप्ते पाठ असतात. चणे संपेपर्यंत ते बोलत होते. त्यातली दोन माणसं माझ्या मनात बसली.

एक जेम्स हॉर्सबर्ग. १७८६ मध्ये हा तेवीस वर्षांचा, 'अ‍ॅटलस' जहाजावर पहिला मेट. जहाज बटाव्हियाहून सिलोनला निघालं होतं. नकाशात बेटाची जागा चुकीची होती, त्यामुळे ते रात्री दिएगो गार्सिया बेटावर जाऊन आपटलं आणि फुटलं. आमच्याकडे ज्याचं खातं चुकतं तो मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन ओरडतो आणि दुसऱ्या बँकेत खातं उघडतो. या गृहस्थानं काय केलं, तर जन्मभर जिथं जाईल तिथलं मोजून लिहून ठेवलं, हिंदी महासागराची जाडजूड मार्गदर्शिका छापली आणि १८१० मध्ये कंपनीचा हायड्रोग्राफरच झाला. म्हणजे त्याच बँकेत नोकरीला लागला आणि सगळी लेजरं दुरुस्त करत बसला.

दुसरा जॉन मॅकक्लुअर. हा मुंबईच्या नाविक दलातला. आपला सगळा पश्चिम किनारा, ज्याला आपण कोकण म्हणून मिरवतो तो, यानं १७८७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोजला. पुढे त्याला प्रशांत महासागरात पलाऊच्या बेटांवर पाठवलं. तिथं त्याला ते बेट इतकं आवडलं की १७९३ मध्ये त्यानं जहाजाचा ताबा हाताखालच्या अधिकाऱ्याकडे दिला आणि स्वतः बेटावर राहिला. पंधरा महिने राहिला. मोठ्या साहेबाला राजीनामा देऊन नारळीच्या झाडाखाली बसायचं स्वप्न मी दर वर्षी मार्चअखेरीला पाहतो, पण प्रत्यक्ष करणारा माणूस मला हा एकच माहीत झाला. शेवट मात्र वाईट. पुढे बंगालहून निघाला आणि समुद्रात नाहीसा झाला. इतरांना वाट दाखवणारे नकाशे मागे राहिले.

"आणि आपले लोक?" मी विचारलं. मराठी माणसानं हे विचारलंच पाहिजे.

"आपले तांडेल नकाशा काढत नव्हते, डोक्यात ठेवत होते," मामा म्हणाले. "कुठल्या डोंगराच्या शेंड्याशी कुठलं देऊळ जुळलं की होडी वळवायची, ते बापानं मुलाला सांगायचं. कागद भिजतो, डोकं भिजत नाही. पण डोकं बुडालं की नकाशाही बुडाला." १५३८-३९ मध्ये जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज गोव्याहून दीवपर्यंत गेला आणि वाटेतल्या बंदरांची चित्रं काढून ठेवली. तो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला. त्याला वाट सांगणारे तांडेल कोण होते, ते त्या चित्रांत नाही. आपलं एक नाव मात्र समुद्रात आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला पाण्याखाली एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, म्हणजे अकरा वावांवर येतो. त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात, कान्होजी आंग्र्यांवरून. ज्यानं इंग्रजांच्या जहाजांना सळो की पळो करून सोडलं त्याचंच नाव त्यांच्या नकाशावर. बँक या शब्दामुळे मला विशेष अभिमान वाटला. मॅनेजर मराठी असलेली ही एकच जुनी बँक.

हा 'वाव' शब्द मी तोपर्यंत फक्त 'बढतीला वाव नाही' या वाक्यात ऐकला होता. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारी लांबी. कोळी अजून पाणी वावांत सांगतात, आणि इंग्रजांचा फॅदम म्हणजेही तेच पसरलेले हात, सहा फूट. दोन्ही लोकांनी समुद्र मोजायला आधी मिठी मारून पाहिलेली दिसते. आता सगळं मीटरमध्ये असतं.

वेण्णा तलावावर हे सगळं प्रत्यक्ष पाहायला मिळालं. सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेल्या या तलावात लोक होडीत बसतात, गाणी म्हणतात, पाय भिजवतात. मामांनी सकाळीच हॉलिडे होमच्या हॉलमध्ये हात पसरून सुतळीला गाठी मारून घेतल्या होत्या. टोकाला आमच्या बॅगेचं पितळी कुलूप, आणि कुलपाच्या बुडाला थापलेला अंगाचा साबण. होडी मधोमध आली तशी मामांनी कुलूप पाण्यात सोडलं.

होडीवाला म्हणाला, "आजोबा, काय पडलं का?"

"पाणी किती आहे बघतोय."

"लई हाय."

"लई म्हणजे किती?"

"बुडायला पुरंल एवढं."

"तू बरोबर सांगतोस," मामा म्हणाले, "पण आम्हाला उलटं लागतं. तरायला पुरेल का?"

साबणाला काळा चिखल चिकटून आला. मामांनी तो बोटांनी चोळून पाहिला, वासही घेतला. शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरायची आणि तळाची माती वर आणायची, ही जुनी रीत. नकाशावर आकड्याशेजारी एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, असं लिहितात. नांगर चिखलात धरतो, खडकावर घसरतो. रात्री नांगर टाकणाऱ्याच्या दृष्टीनं हा जिवाचा प्रश्न असतो. पुढे आवाज पाण्यात सोडून त्याचा पडसाद मोजायची यंत्रं आली, मामांनी जन्म त्यावरच काढला. आता तर एका फेरीत तळाचा रुंद पट्टाच्या पट्टा झाडून काढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलात नवी 'संधायक' दाखल झाली, तिच्यावर असली यंत्रं आहेत, हे मामांनीच वर्तमानपत्राचं कात्रण काढून मला दाखवलं. इतकं असूनही जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा नीट मोजून झाला आहे.

अकरा ठिकाणी कुलूप बुडालं. वेळेसकट अकरा आकडे डायरीत चढले. होडीचे पैसे तासावर असल्यामुळे मीही माझ्या परीनं मोजणी करत होतो. काठावर आल्यावर मी विचारलं, "मग किती खोल आहे तलाव?"

"अकरा मापांत तलाव सांगता येत नसतो, जावईबापू."

"अंदाजे?"

"अंदाज होडीवाल्यानं सांगितला की."

रात्री त्यांनी तलावाचा आकार काढला, अकरा आकडे भरले आणि बाकी सगळं कोरं ठेवलं. मी म्हटलं, मधे मधे भरून टाका की, दोन आकड्यांच्या मधला आकडा कुणालाही काढता येतो. मामांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बँकेत एका ग्राहकानं एकदा विचारलं होतं की माझी सही मीच येऊन कशाला करायची, तुम्हीच करा ना. तेव्हा मी त्याच्याकडे असंच पाहिलं होतं. दोन आकड्यांच्या मधे सुळका असू शकतो. मोजलं नाही तिथं कोरं ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याला कळतं की इथं कुणी गेलेलं नाही.

बी.कॉम.ला आम्हाला एक तत्त्व शिकवलं होतं : नफा पदरात पडेपर्यंत धरू नये, तोटा मात्र आधीच धरून ठेवावा. परीक्षेनंतर हे तत्त्व मला फक्त लग्नाच्या यादीत उपयोगी पडलं. पण समुद्राचा नकाशा त्यावरच उभा आहे. नकाशातली खोली ही भरतीची नसते, सरासरीचीही नसते. सगळ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जितकं खाली जातं, तिथून ती मोजतात. त्यामुळे प्रत्यक्षात पाणी जवळपास नेहमी कागदापेक्षा जास्तच निघतं. माझ्या पासबुकाचा अनुभव याच्या उलट आहे.

ही ओहोटी ठरवायची तर कुणीतरी किनाऱ्यावर बसून पाणी पाहिलं पाहिजे. मामांची तरुणपणाची अर्धी वर्षं यात गेली. किनाऱ्यावर तंबू, पाण्यात रोवलेली रंगवलेली पट्टी, आणि दर तासाला, दिवसा आणि रात्रीही, पाणी कुठवर आलं ते लिहायचं. असा महिना. उधाणाची भरती, भांगाची भरती, सगळा चंद्राचा फेरा पुरा व्हावा लागतो. हिच्या मामी सांगत की लग्नानंतर पहिल्या पत्रात नवरा काय लिहितो म्हणून त्यांनी दार लावून पाकीट फोडलं, तर आत लिहिलं होतं : 'इकडे सर्व ठीक. पाणी रोज पन्नास मिनिटं उशिरा येते.' मामींनी ते पत्र आपल्या सासूला दाखवलं. सासू म्हणाली, "पुण्यालाही तसंच आहे."

मामांच्या खात्याचं नशीब आपल्या बदल्यांसारखंच आहे. १८६३ मध्ये सरकारनं हे नाविक दल मोडलं आणि मोजणीही थांबली. समुद्र होता तिथंच होता, वाळू सरकत होती, जहाजं वाढत होती, पण खातं बंद. अकरा वर्षांनी, १८७४ मध्ये, कुणाच्या तरी लक्षात आलं आणि कलकत्त्याला मरीन सर्व्हे सुरू झाला. प्रमुख म्हणून आणला तो टेलर, ज्यानं आधी कोकणचा किनारा मोजला होता तोच. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये या खात्याचं मुख्य कार्यालय कुठं नेलं असेल? डेहराडूनला! समुद्रसपाटीपासून दोन हजारांवर फूट उंच, जवळचा समुद्र हजार किलोमीटरवर. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. जिथं काम चालतं तिथून हेड ऑफिस जितकं लांब तितकं चांगलं, हा कुठल्याही मोठ्या संस्थेचा पायाच आहे. मामा मात्र खात्याची बाजू घेतात. सर्व्हे ऑफ इंडियाही तिथंच, नकाशे काढणारी, छापणारी माणसं तिथं, आणि कागदाला खारी हवा मानवत नाही, वगैरे.

डेहराडूनहून दर पंधरवड्याला दुरुस्त्यांची पत्रकं निघतात. अमुक दिवा बदलला, तमुक ठिकाणी जहाज बुडालेलं आढळलं. प्रत्येक जहाजावर कुणीतरी बसून जांभळ्या शाईनं नकाशात ती दुरुस्ती करतो आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तिचा नंबर टाकतो. नवी आवृत्ती निघाली की जुना नकाशा रद्द. असे रद्द नकाशे मामा सुट्टीत घरी आणत आणि भाचरांच्या वह्यांना कव्हरं घालत. कागद दणकट, वह्या फाटत, कव्हरं फाटत नसत. हिच्या भूमितीच्या वहीवर अरबी समुद्राचा तुकडा होता आणि त्यावर एका ठिपक्याशेजारी 'ई. डी.' लिहिलेलं. बाईंनी विचारलं, हे काय? हिनं मामांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं, 'एक्झिस्टन्स डाउटफुल', अस्तित्वाबद्दल शंका. कधीतरी कुणा कप्तानाला तिथं खडक दिसल्यासारखा वाटला होता. नंतर कुणाला सापडला नाही; पण नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून खोडला नाही. आमच्याकडे अशा रकमा सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ऑडिटर आला की त्याला चहा देतात.

शेवटच्या दिवशी आर्थर सीटला गेलो. तिथं वारा दरीतून वर येतो, म्हणून बाटलीची झाकणं खाली टाकली तर परत वर येतात, आणि सगळा महाराष्ट्र तिथं झाकणं टाकत असतो. खाली सावित्रीची दरी. महाबळेश्वरच्या पंचगंगेतल्या पाच नद्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री पूर्वेला जातात. एकटी सावित्री पश्चिमेला उतरते. पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते.

वाटाड्यानं गोष्ट सुरू केली. आर्थर मॅलेट नावाचा साहेब होता, त्याची बायको आणि तान्ही पोर बाणकोटच्या खाडीत होडी उलटून गेली, मग तो इथं येऊन तासन्‌तास सावित्रीकडे बघत बसायचा, म्हणून आर्थर सीट. हे नाव सर जॉर्ज आर्थर या गव्हर्नरावरून पडलं असंही म्हणतात; पण त्या गोष्टीला बक्षिसी कमी मिळत असावी.

मामांनी विचारलं, "ओहोटी होती का?"

"आँ?"

"होडी उलटली तेव्हा. ओहोटी असेल. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, वारा समोरून आत येतो, मग दांड्यावर लाट उभी राहून फुटते. भरतीला तिथंच काही कळत नाही, तळ्यासारखं असतं."

वाटाड्या म्हणाला, "असंल ओहोटी."

"आणि दांडा जागेवर राहत नाही," मामा म्हणाले, "दर पावसाळ्यात सरकतो. आदल्या वर्षीची वाट पुढच्या वर्षी चालत नाही. पुन्हा मोजावं लागतं." मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी झाकण टाकायला वाकलो होतो, तेवढ्यात हिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मामांचा थोरला भाऊ तिथंच गेला, बाणकोटला. मामा नऊ वर्षांचे होते. होडी त्यांच्या वडलांचीच होती."

पंधरा वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी झाकण खिशात ठेवलं. मामा पश्चिमेकडे पाहत होते. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. दोन-तीन माणसं ओरडली, "समुद्र! समुद्र!" आणि खरंच, डोंगरांच्या पलीकडे सुरीच्या पात्यासारखी एक चमकती रेघ होती.

"आता दिसतोय," मामा म्हणाले, आणि डायरीत वेळ लिहिली.

निघताना हॉलिडे होमच्या रखवालदारानं अभिप्रायाची वही पुढे केली. मी आधीची पानं चाळली. 'व्यवस्था उत्तम.' 'निसर्गाच्या सान्निध्यात चार दिवस मजेत गेले.' 'पुन्हा पुन्हा यावेसे वाटते.' एका शाखा व्यवस्थापकांनी कविता केली होती. वरच्या मजल्यावर राहिलेली ही सगळी माणसं त्या जिन्यावरून चढली-उतरली असणार. वहीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मीही 'व्यवस्था उत्तम' लिहून सही केली, कारण वही शेवटी हेड ऑफिसला जाते. मामांनी वही मागून घेतली. खिशातली पट्टी काढून ते जिन्याशी गेले, वाकून दोनदा मोजलं, आणि माझ्या सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं :

'जिना, खालून चौथी पायरी : भिंतीपासून नऊ इंचांवर फळी सैल. उतरताना कठड्याच्या बाजूने पाय ठेवावा. रात्री दिवा लावावा. वरच्या दोन पायऱ्या तपासलेल्या नाहीत.'